लाडूबी एकटीच घाट चढायची

लाडूबी पिंजारीण आधी मारायची आणि मग विचारायची. तिच्या खांद्यावर कापूस पिंजायची लांब कमान असे आणि कमरेला, कमानीला ताणलेली दोरी, म्हणजे तात, ठोकायचा लाकडी ठोकळा. आमच्या अंगणात ती पहिल्यांदा आली तेव्हा गडी तिला म्हणाला, "काय वो, शिकारीले निंगाली काय धनुष्य घेऊन?" लाडूबीने कमरेला हात घातला. ठोकळा त्याच्या गुडघ्यावर बसला. तो कळवळून खाली बसल्यावर तिने शांतपणे विचारलं, "काय म्हनत होता बाप्पा? आयकू नाही आलं."

मी तेव्हा नवी सून होते. माझं सासर एलिचपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. मेळघाटची वाट आमच्या शिवारातूनच चढायला लागते. लाडूबी दर हिवाळ्यात पाठीवर बोजा बांधून एकटी वर जाई, डोंगरातल्या गावांत रजया भरून देई आणि होळीच्या सुमारास खाली उतरे. नवरा मेल्यावर त्याची कमान तिने उचलली. बाईमाणसाने हे काम करू नये असं सांगायला दीर आला, त्याचं तिने डोकं फोडलं.

मी तिला एकदा विचारलं, "लाडूबी, जंगलात एकटीला भीती नाही वाटत?"

"अस्वल आलं तं मी तात वाजवतो. थे पयते," ती म्हणाली. "मानूस नाही पयत. त्याले ठोकाच लागते."

पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्याकडे कापसाचा भाव चढला. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागे. लोकांनी शेतातला कापूस विकला, मग घरातला. गाद्या उसवल्या, उशा उसवल्या. माझे सासरे ओसरीवर बसून रजयांचे टाके कापत होते, तेवढ्यात लाडूबी आली.

"पाटील, लेकरायच्या आंगावर आता काय टाकसान? रुपये?"

सासऱ्यांनी काठी उचलली, लाडूबीने ठोकळा. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या म्हणून रक्त सांडलं नाही. तिला घरात येऊ देऊ नका असं सासऱ्यांनी आम्हाला बजावलं. तिला स्वतः सांगायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

लाडूबीची मुलगी चांदबी वर डोंगरात सेमाडोहला दिलेली. नवरा सागवान तोडणारा. चांदबीला पहिलं मूल झालं तेव्हा लाडूबीने स्वतः भरलेली रजई दिली होती. त्या हिवाळ्यात जावयाने ती उसवली आणि कापूस एलिचपुरात विकून आला. पौषात मूल गारठून गेलं. लाकडांच्या गाडीवाल्याने ही बातमी आमच्या अंगणातच तिला सांगितली. ती रडली नाही. पुढ्यातला कापूस पिंजत राहिली, तात तुटेपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात चांदबीला मुलगी झाली. कापूस विकत घेण्याची लाडूबीची ऐपत नव्हती. गाड्या जाताना बाभळीच्या काट्यांना कापूस अडकतो, तो तिने ओरबाडून जमवला. त्याची रजई भरली, पाठीला बांधली आणि घाट चढली.

परत आली तेव्हा तिचा उजवा हात पार चेचलेला होता. बोटं वाळक्या शेंगांसारखी वाकडी. मी हळद लावत होते आणि ती सांगत होती.

"घाटात दोघं आडवे आले. एकानं कमान धरली, दुसऱ्यानं रजईत इळा घातला. कापूस भाईर आला तसे हासाले लागले, माय. थे हासनं मले सोसलं नाही. एकाचा जबडा गेला. दुसऱ्यानं माया हात खडकावर धरला आन् वरून गोटा घातला. मी त्याच्या नाकावर कपाय हानलं. पयाले मंग."

"आणि तू?"

"मी काय? वर गेलो. अर्धी रजई तं उरली होती. दोन शेकोट्यायच्या मंधात निजलो. सकायी पायतो तं मडक्यातलं पानी गोठलेलं. हात दुखेच ना. थंडीनं तेवढं एक काम बरं केलं."

सेमाडोहला पोचल्यावर जावई दारात आला. त्याने आधी तिच्या पाठीवरची रजई काढून हातावर तोलली.

"वजन पाहून राह्यला होता," लाडूबी म्हणाली. "माया हात नाही पायला. मंग डाव्या हातानं देल्ली."

जावयाच्या दोन बरगड्या गेल्या. रजई बाहेर जाऊ नये म्हणून होळीपर्यंत लाडूबी त्यांच्या उंबऱ्यात आडवी झोपली. नात जगली.

त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली. नवी रजई तिने डाव्या हाताने पिंजून भरली होती. कापूस कुठून आणला हे मी विचारलं नाही. उजवी बोटं मिटत नव्हती, म्हणून बोजा बांधून घ्यायला माझ्याकडे आली.

"गाठ घट्ट मार, पोरी. कोनाच्या बापाले सुटली नाही पायजे."

मी काथ्याचा दोर भिजवला, तिच्या पाठीला गुडघा लावून ओढला आणि छातीवर, हनुवटीखाली गाठ मारली. बांबू तोडणारे चार दिवसांनी वर जाणार होते. त्यांच्याबरोबर जा म्हटलं.

"सोबत घेतली तं मारू कोनाले?" ती हसली आणि निघाली.

त्या आठवड्यात थंडीने आमची तूर करपली. बांबू तोडणारे वर गेले ते अर्ध्यातून परतले, लाडूबीला घेऊन. घाटाच्या माथ्यावर विझलेल्या काटक्यांशेजारी ती बसलेली सापडली. लाकूड दवाने ओलं होतं, पेटलंच नसावं. रजई पाठीवर जशीच्या तशी.

अंगणात बायका जमल्या. "नातीसाठी जीव देल्ला माय, पन रजई नाही उघडली," सासूबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. ऐकून सगळ्याच रडल्या. ही गोष्ट अजून सांगतात, वर सेमाडोहलाही.

तिच्या लोकांकडे तिला सोपवण्याआधी बोजा सोडायला मी विळा घेऊन बसले. दोर वाळून लोखंडासारखा आवळला होता. गाठ अर्धी कुरतडलेली होती. काथ्यात रक्त सुकलं होतं, एक दातही अडकला होता. डाव्या हाताची नखं उलटली होती.

म्हणजे ती नातीसाठी मेली नाही. तिला ती रजई स्वतःच्या अंगावर घ्यायची होती आणि त्या गाठीशी ती जीव जाईपर्यंत भांडली. गाठ मी बांधली होती, घट्ट बांधली होती.

दोर कापून रजई मी चांदबीकडे पाठवली. गाठ सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, चुलीत टाकली आणि बाहेर जाऊन बायकांमध्ये पुन्हा रडायला बसल्या.