मांडवातली गाणी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोळिंजच्या बाजारात होते. भाजीची पिशवी तिथेच विसरून निघाले... त्याला आता महिना उलटला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला बसलं की आधी शरमच पुढे येते.

अण्णा माझा चुलतभाऊ. नंदाखालला केळीची वाडी आणि घरात कॅसेटींनी भरलेलं कपाट. विकतच्या होत्याच, पण गावच्या लग्नांत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन त्याने बायकांची गाणीही भरून घेतली होती. म्हातारपणी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून तो इंटरनेटवर टाकू लागला. विकतच्या कॅसेटींवर कंपन्यांनी हरकत घेतली, गाणी उडाली. "पैसे मोजून घेतली ना मी?" तो चिडायचा. "कॅसेट तुझी, गाणं त्यांचं," मी सांगायची. "मग लग्नातली टाकतो. त्यांना कुठली कंपनी?"

त्यात गावातल्या सुमनकाकीचं एक गाणं होतं. लेकीच्या लग्नात नव्या विहिणीला नाव घेऊन चिडवलेलं, मांडवात हसण्यापुरतं. विहीण आता हयात नाही. लेकीच्या नणंदेने ते मोबाइलवर ऐकलं आणि लेकीला सासरी नको नको ते ऐकावं लागलं. काकीने अण्णाला फोन केला, "तोंड माझं, गानं माझं. कोनाला विचारून दिलंस जगाला?" अण्णाने तिथल्या तिथे गाणं काढलं. पण तोवर ते कुठल्या कुठे पोचलं होतं.

माफी मागायला तो मला घेऊन गेला. सुनेने दारातच सांगितलं, "आई घरी नाहीत." आतून काकीचा खोकला आला. आम्ही दोघांनी ऐकला. अण्णाने आणलेला केळ्यांचा फणा ओट्यावर ठेवला. वाटेत म्हणाला, "गेली असेल कुठे." मीही "हो" म्हटलं. नंतर त्याने कॉम्प्युटरला हात लावला नाही.

दहाव्याला काकी आली. अण्णाच्या खोलीत बसली, म्हणाली, "लाव ते गानं." मी लावलं. गाणं संपताच टेपमध्ये तरुण अण्णा हसत ओरडला, "काकी, अजून एक!"

काकी खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मी घरातच होते गो."

"ठाऊक होतं त्याला," मी बोलून गेले.

तिने पदर तोंडावर धरला. ते मी सांगायला नको होतं...