बटणं गेली, काडी आली

कोल्हापूरच्या शाहूपुरीत ज्यांनी ज्यांनी वीरभद्राण्णाला दारुडा ठरवलं, त्यांतल्या एकानंही त्याला कधी पिताना बघितलं नव्हतं. पण ठरवायला बघावं लागतंय कुठं? माणसाचा हात थरथरला की आपल्याकडं निकाल तयारच असतो. आणि हे सगळं झालं एका काडीपायी. प्लॅस्टिकची, उदबत्तीच्या निम्मी, चिमटीत धरायची काडी. त्या काडीनं एका सरळ माणसाचं वाटोळं केलं, असं म्हटलं तर कंपनीवाले हसतील. हसू देत त्यांना.

वीरभद्र राजशेखरच्या एजन्सीत सेल्समन होता. राजशेखरचं दुकान शाहूपुरीत, मागं गोडाऊन. बिस्किटं, साबण, फिनेल, उदबत्त्या असला माल तालुक्याच्या दुकानांत जायचा. वीरभद्रची लाईन कागल, मुरगूड आणि तिकडून निपाणीच्या अंगाची खेडी. सकाळी मोटरसायकलला किक मारायची, दुकानादुकानात ऑर्डरी घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो माल टाकून यायचा. एका दुकानात मराठी बोलायचं, पुढच्यात कन्नड. दुकानदाराच्या पोरीचं लग्न, बैलाचं दुखणं, भावकीतली भांडणं, सगळं त्याच्या कानावर असायचं. ती लाईन म्हणजे त्याचा जीव होता, नोकरी मागनं.

तेव्हा टचचे फोन गल्लीबोळात आले नव्हते. ऑर्डर घ्यायला कंपनीनं एक यंत्र दिलेलं, हातात मावणारं, वर पडदा आणि खाली मक्याच्या दाण्यासारखी बारकी बटणं. बाकीचे सेल्समन त्या बटणांवर चिडायचे, बोट एकाला लावलं की शेजारचं दबतंय म्हणायचे. वीरभद्रला मात्र ती देवानं दिल्यासारखी वाटायची. यंत्र दोन्ही हातांत धरून पोटाशी टेकवायचं, अंगठा उंचवट्यावर रोवायचा आणि दाबायचा. बटण दबलं की अंगठ्याला कळायचं. न्हाई दबलं तरी कळायचं.

ह्याचं कारण त्याच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वीरभद्रचे हात कापायचे. दोन्ही. स्वस्थ बसला तर काही नाही, पण कप उचलायला, सुईत दोरा ओवायला हात पुढं केला की बोटं थरथरायची. बाहेर तो चहाच पीत नसे. उष्ण पडतंय म्हणायचा. घरात सकाळी आंघोळ करून, भस्म लावून तो लिंगपूजेला बसायचा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवायचं, आणि तळवा हलायचा. मग रत्नव्वा, त्याची बायको, शेजारी येऊन बसायची आणि त्याच्या हाताखाली आपला हात द्यायची. पूजा होईपर्यंत ती तशीच बसायची. कित्येक वर्षं असंच चाललेलं, आणि तिनं त्याचा कधी शब्द काढला नाही.

डॉक्टरला दाखवून झालं होतं. ते म्हणाले, हा कंप आहे, घराण्यात असतो, जिवाला धोका नाही. गोळ्या दिल्या, तर वीरभद्रचा जुना दमा उसळला, गोळ्या बंद. जाता जाता डॉक्टर हसून म्हणाले, "गंमत अशी आहे बघा, दोन घोट दारू घेतली की हा कंप काही वेळ थांबतो. पण तो उपाय नव्हे हं. सवय लागली की माणूस गेलाच." वीरभद्र कानाला हात लावून बाहेर आला. त्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी त्या बाटलीला शिवलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, दुखणं आहे तर मालकाला सांगायचं की सरळ. कशाला लपवायचं? तर त्या एजन्सीची रीत ऐका. गणपतराव म्हणून जुने सेल्समन होते, त्यांना चालताना चक्कर यायला लागली. राजशेखरनं त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, "आता आराम करा" म्हणाला आणि लाईन दुसऱ्याला दिली. गणपतराव घरी बसून वाळून गेले. आणि दुसरा अमरसिंह. तो हप्त्यातनं एकदा झिंगून गायब व्हायचा, एकदा तर मालाचा टेम्पो ओढ्यात घातलेला. त्याला राजशेखर शिव्या घालायचा आणि परत कामावर घ्यायचा. "पितोय, पर कामाचा हाय," म्हणायचा. म्हणजे पिणारा उद्या सुधारंल ही आशा, आणि आजारी माणूस म्हणजे नासकं फळ. हे वीरभद्रनं दोन्ही डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तो गप्प होता.

मग कंपनीचा नवा साहेब आला, उदयसिंह. कडक इस्त्री, गोड बोलणं. त्यानं गोडाऊनमध्ये सगळ्यांना गोळा केलं आणि नवी यंत्रं वाटली. बटणं गायब. नुसता पडदा, आणि कडेला खोवलेली ती काडी. पडद्यावर मालाची नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढं बारका चौकोन. काडीनं चौकोनात टोचायचं की झालं.

"बटणांवर अंगठे झिजवायचे दिवस संपले," उदयसिंह म्हणाला. "लहान पोरगंसुद्धा चालवेल."

वीरभद्रनं यंत्र उलटंपालटं करून बघितलं. दोन हातांत धरून पोटाशी टेकवायची सोयच राहिली नव्हती. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात काडी, आणि काडीचं टोक अधांतरी. टेकवायला उंचवटा नाही, दबल्याचं कळायला काही नाही. हात नुसता हवेत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"साहेब, मला जुनंच ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "हाताला सवय झालीया."

"जुनी सगळी कंपनीनं परत मागवलीत, अण्णा. सवय काय, आठवड्यात होते."

आठवड्यात काय झालं, तर मुरगूडला बाळासोच्या दुकानापुढं टेम्पोनं फिनेलच्या पेट्यांची थप्पी लावली. बाळासोनं मागवल्या होत्या उदबत्त्या, सणाच्या तोंडावर. काडी हलली होती आणि शेजारच्या चौकोनात बसली होती. बाळासो जुना दोस्त. दुसऱ्या दिवशी वीरभद्र स्वतः गेला, माफी मागितली आणि परत ऑर्डर घ्यायला यंत्र काढलं. काडी पडद्यावर टिकटिक नाचायला लागली. बाळासो ते बघत राहिला. मग त्यानं गिऱ्हाईक लांब गेल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाला, "आण्णा, सकाळ सकाळीच?"

वीरभद्रला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. "तसलं काय न्हाय रं," एवढंच तो म्हणाला. बाळासोनं समजुतीनं मान हलवली. ती मान हलवणं शिवीपेक्षा वाईट होतं.

बाळासोनं वाईट हेतूनं सांगितलं नसेल, पण सांगितलं. मुरगूडचं कागलला गेलं आणि कागलचं शाहूपुरीत आलं. चुकलेल्या ऑर्डरी वाढत गेल्या. शेवटी राजशेखरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वीरभद्रा, खरं सांग. घेतोस?"

वीरभद्रच्या ओठावर खरं आलं होतं. कंप हाय मालक, बापालाबी हुता, ती बटणं तेवढी परत द्या. तोंड उघडलं, आणि त्याला गणपतरावांच्या अंगावरची शाल आठवली. लाईन गेली की आपण काय? ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारे टेम्पो मोजायचे?

"व्हय," तो म्हणाला. "घेतो."

आणि राजशेखरचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "आरं तिच्या मारी, एवढंच व्हय? मी तर घाबरलोवतो, काय रोगबिग लागलाय का म्हणून. ही सुटती. सोमवारी चल माझ्यासंगट मठात."

सोमवारी मठात गर्दी असते. राजशेखर भला माणूस, त्यानं ते मुद्दामच केलं. चार लोकांसमोर घेतलेली शपथ माणूस मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. वीरभद्रनं डबीतलं लिंग काढून तळव्यावर घेतलं, आणि जी कधी चाखली नाही ती दारू सोडल्याची शपथ घेतली. हाताखाली द्यायला तिथं रत्नव्वाचा हात नव्हता. तळवा थडथड हलत होता. मागनं कुणीतरी म्हणालं, "बघा की, अजून उतरलेली न्हाई." मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्याला त्या क्षणी कळलं.

संध्याकाळी रत्नव्वा नळावर भांडून घरी आली. शेजारणीच्या अंगावर घागर पालथी केली होती तिनं.

"माझ्या नवऱ्याला बेवडा म्हणती! जीभ हासडून हातात दिली असती तिच्या," ती म्हणाली. मग त्याच्याकडं बघून थांबली. "काय झालंय? गप का?"

त्यानं सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"दुखणं लपवायला दारूचं नाव घेतलासा? आणि लिंग हातात धरून?"

"लाईन जाती गं."

"जाऊ दे की. मी भाकऱ्या थापून इकीन. पर ह्ये पुसून काढा. जावा, खरं सांगून या."

तो गेला नाही. आणि ती? ती त्यानंतरही भांडतच राहिली. बाजारात, नळावर, माहेरी, जिथं कुणी कुजबुजेल तिथं छाती ठोकून सांगत राहिली की आमचं मालक थेंबाला शिवत न्हाईत. लोक कीव करायचे. बिचारी झाकून घेतीया म्हणायचे. सकाळी ती तशीच येऊन पूजेला बसायची आणि हाताखाली हात द्यायची.

पण शपथेनं कंप थोडाच जातोय! चुकायच्या त्या ऑर्डरी चुकतच होत्या. राजशेखरनं परत बोलावलं, आणि ह्या वेळी दार लावलं नाही. "लिंगावर हात ठेवून खोटं बोललास," तो म्हणाला. "दसऱ्यापातूर बघीन. तवर हात सरळ झाला न्हाई तर लाईन अमरसिंहाला."

अमरसिंहाला! जो टेम्पो ओढ्यात घालतो त्याला! वीरभद्र किक मारून घरी आला. दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला एका बारपुढं त्याची गाडी आपोआप थांबली, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. गाडी काय आपोआप थांबते? थांबवली त्यानं. आत कोपऱ्यात बसला, गळ्यातली डबी शर्टाच्या आतनं पाठीवर सारली, आणि डोळे मिटून प्याला. घसा जळला. ओकारी आली, ती त्यानं दाबली.

मुरगूडला पोचला तेव्हा बाळासो गल्ल्यावरच होता. वीरभद्रनं यंत्र काढलं, काडी धरली. काडी हलली नाही. ज्या चौकोनात टोचायची त्याच चौकोनात टोचली, एकदा, दोनदा, सगळी ऑर्डर. तो आपल्या हाताकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत तो हात असा गप्प बसलेला त्यानं बघितला नव्हता.

"सोडलीसा की हो आण्णा," बाळासोचे डोळे भरून आले. "तोंडावर तेज आलंया."

वास झाकायला चघळलेल्या वेलदोड्याचा वास येत होता, त्याच्याखाली दुसराही येत असणार. पण माणूस सुटला असं एकदा मनानं घेतलं की मग नाक कोण चालवतंय. वीरभद्रच्या गाडीला लटकवलेल्या पिशवीत बाटली राहायला लागली. लाईनला निघाला की शहराबाहेर एकदा, दुपारी एकदा. ऑर्डरी बिनचूक यायला लागल्या. उदयसिंहनं वर कळवलं की नवं यंत्र जुन्या माणसांनाही कसं छान जमतंय.

खंडेनवमीला एजन्सीत पूजा असायची. गाड्यांना झेंडूच्या माळा, वजनकाट्याला हळदकुंकू, आणि टेबलावर ओळीनं ती यंत्रं, काड्यांसकट. सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. राजशेखरनं वीरभद्रला पुढं बोलावलं, डोक्यावर फेटा बांधला. "माणसानं मनावर घेतलं तर काय हुतंय, ह्ये बघा," तो म्हणाला. "अमरसिंहा, शिक काहीतरी." टाळ्या पडल्या. नळावरची ती शेजारीणही टाळ्या वाजवत होती. मालकिणीनं आरतीचं ताट रत्नव्वाच्या हातात दिलं. "ओवाळा तुमच्या मालकांना. तुमचीच पुण्याई."

रत्नव्वाचं तोंड फुललं होतं. तिला वाटलं असेल, आला बाबा हाताला गुण, ऐकलं देवानं. ती ताट घेऊन जवळ आली, कुंकू लावायला वाकली, आणि तिथंच थबकली. वीरभद्रनं श्वास रोखून धरला होता, पण तो सुटला, वासासकट. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या सरळ, गप्प हाताकडं. मग तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, ताट मालकिणीला परत दिलं. सगळं नीट केलं.

 घरी आल्यावर त्यानं फेटा खुंटीला अडकवला तेव्हा ती म्हणाली, "साऱ्या कोल्हापुरात मी एकटी म्हणत हुते, तुम्ही पीत न्हाईसा म्हणून. लोकांनी थुंकलं तरी म्हणत हुते. आता लोकं म्हणत्यात पीत न्हाई. मी काय म्हणू?"

आणि ती आत भांडी घासायला गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, भस्म लावून वीरभद्र पूजेला बसला. डबी उघडून लिंग डाव्या तळव्यावर घेतलं. हात कापायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. त्यानं सवयीनं जरा सरकून शेजारी जागा केली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, रत्नव्वा तिथंच होती, दोन पावलांवर. तो थांबला. चूल पेटल्याचा, तवा ठेवल्याचा, भाकरी थापल्याचा आवाज आला. ती काही आली नाही. मग त्यानं पूजा तशीच उरकली आणि लाईनला निघाला.