दुःखाचे खण

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या मंडळीने, म्हणजे संगमनेरच्या चर्चच्या सभासदांनी, एक वेबसाइट सुरू केली होती. लोकांनी आपले दुःख तिच्यावर लिहावे आणि इतरांनी खाली दोन धीराचे शब्द लिहावेत, एवढाच हेतू. पण नवी नोंद आली की जुनी खाली बुडे. लेक गमावलेल्या आईचे लिखाण तशाच दुसऱ्या आईला सापडत नसे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल, म्हणून आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मला म्हणाले, "पुस्तकं लावता, तसं हे लावून द्या."

मी प्रत्येक नोंद छापून घेई, तिचे कार्ड करी आणि ग्रंथालयातून बाद झालेल्या लाकडी खणांत ते लावी: आजार, मृत्यू, दुष्काळ, एकटेपण. पुढे वेबसाइटचीही तशीच मांडणी व्हायची होती. दुःखावर इतकी प्रवचने ऐकली, पण त्याचे प्रकार किती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता त्याने मला झपाटले. टँकरमागे धावणाऱ्या एका बाईने पाण्याबद्दल थोडेच लिहिले होते. बहुतेक मजकूर शेजारणीने धरलेल्या अबोल्याचा. तिला कुठे ठेवायचे? पुस्तकाला फळीवर एकच जागा असते, हा नियम माझ्या हाडीमाशी मुरलेला. मी तिला दुष्काळात ठेवले.

कर्जतकडच्या एका विधवेची नोंद मी ‘मृत्यू’च्या खणात टाकत होतो, तेव्हा पत्नीने ती हातातून घेऊन वाचली.

"अहो, ही इथं कशी?"

"तिचा नवरा वारला."

"नवऱ्यावर दोन ओळी आहेत. बाकी सगळं भावावर. मातीला आला नि लगेच गाडी धरली." ती माझ्याकडे पाहत राहिली. "ओळखीचं नाही वाटलं तुम्हाला?"

वाटले होते. म्हणूनच मी घाईने खण ओढला होता. सहा वर्षांपूर्वी पारनेरला धाकट्या बहिणीचे यजमान गेले, तेव्हा दफन उरकताच मी चारच्या एसटीने परतलो होतो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची तपासणी होती. त्यानंतर बहिणीने पत्र टाकले नाही आणि मी कारण विचारले नाही. ती चारची गाडीच कारण, असे मी धरून चाललो होतो. आता जाऊन क्षमा मागायचे ठरवले.

त्या रविवारी उपासना चुकवून मी पारनेरला गेलो. बहीण अंगणात बाजरी पाखडत होती.

"ये दादा. बसतोस, का चारची यष्टी हाय?"

मी उभ्यानेच त्या चारच्या गाडीबद्दल क्षमा मागितली. तिने सूप खाली ठेवले.

"गाडीचं काय न्हाई रे. नोकरी हुती, गेलास. पन जाताना डोक्यावर हात ठिवून म्हनलास, देवाची इच्छा. मी इचारलं हुतं का तुला, कुनाची इच्छा म्हनून?"

सहा वर्षे मी भलत्याच अपराधाबद्दल स्वतःला दोष देत आलो होतो. खरा अपराध मला सांत्वन वाटला होता.

"मग काय बोलायला हवं होतं?" मला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"काय बी न्हाई. बसायचं हुतं माझ्याजवळ. लईच वाटलं तर भांडी घासायची." ती हसली. "घासशील आज?"

मी घासली. चारची गाडी गेली.

सोमवारी विधवेची नोंद पुन्हा वाचली. भाऊ निघताना काय म्हणाला, ती ओळ मी आधी ओलांडून गेलो होतो. त्या नोंदीची दोन कार्डे केली आणि दुसऱ्यासाठी रिकाम्या खणावर नवी चिठ्ठी लावली: ‘सांत्वनाने झालेले दुःख’. मग वेबसाइटवरच्या प्रत्येक नोंदीखालची धीराची उत्तरे छापून घेतली. त्यांतली पुष्कळशी माझीच होती. ती एकेक करून वाचायला बसलो.