एका पायातली चप्पल

प्रार्थनेला बसताना बाई दाराकडे तोंड करून बसायच्या आणि एका पायातली चप्पल काढायच्याच नाहीत. आम्ही बाकीचे क्रुसाकडे तोंड करून. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "दोन्ही काढल्या त मंग शोधत बसा लागते."

पन्नास सालानंतरची गोष्ट. नागभीडपासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, जंगलात, आमचा मिशनचा लहानसा दवाखाना होता. बाई तिथल्या नर्स, मी कंपाउंडर. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे.

बाईंनी "हे बापा" म्हणून डोळे मिटले की कुणीतरी दारात उभं राहायचंच. कुणाला ताप, कुणाला विंचू. बाई एक डोळा उघडून बघायच्या आणि उठायच्या. त्यांच्या तोंडून आमेन मी क्वचितच ऐकलं असेल. याची त्यांना फार चुटपुट. "सगळ्यायची प्रार्थना पुरी होते, माहीच काऊन नाई? जिवाले समाधानच नाई, भाऊ."

माझं मागणं वेगळं होतं: नागपूरला बदली. ते मी रोज मोठ्यानं मागायचो.

"देवाले नागपूरचा पत्ता आता पाठ झाला असन," बाई म्हणायच्या. तुम्हाला हसू येईल, मला मात्र राग यायचा. ते जंगल, ते डास, ती कुनैनची बाटली; माझा जीव तिथं रमतच नव्हता.

एका सकाळी बाई हसतच आल्या. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. रानातल्या एका गावी बाळंतपण करून परतल्या होत्या.

"तीन कोस चालत गेली मी. वाटेनं बापासंगं बोलत गेली. बाळ हाती आलं तवाही बोलतच होती. मंग ध्यानात आलं, आमेन म्हनाची घाई काऊन करावी? चालूच राहू दे ना दिवसभर."

त्यानंतरही बाईंचे पाय तसेच पळत राहिले. कुरकुर तेवढी गेली. मला ते काही पटलं नाही, पण त्यांचा हेवा वाटला, अगदी झोंबणारा.

मग बाईंना हिवतापानं धरलं. त्याच सुमारास माझ्या बदलीचं पत्र आलं. त्यांना तशा टाकून जाता येईना म्हणून मी थांबलो. खरं सांगतो, मनात धुसफुसत थांबलो. महिन्याभरात बाई गेल्या. मी दुसऱ्या दिवशीची बैलगाडी सांगून ठेवली.

दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखाली त्यांना माती दिली. मिशनचे पाळक डोळे मिटून शेवटची प्रार्थना करत होते. तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. अंगावरचा पंचा रक्तानं भरलेला.

"बाई कुठी हायेत? मोहफुलं वेचताना भावाले अस्वलानं फाडलं. खाटेवर आनून राह्यले त्याले."

पाळकांची प्रार्थना चालू होती. दुसरं कुणीतरी उठेल म्हणून मी क्षणभर वाट पाहिली. जखम शिवता येणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी अनवाणीच पळालो. पाणी उकळायला ठेवलं, सुई-दोरा शोधला. अशी जखम पंधरा दिवस तरी धुवावी लागणार होती. गाडीवाल्याला उद्या येऊ नको म्हणून निरोप धाडला.

तिकडे मोहाखाली सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलेलं ऐकू आलं. माझं म्हणायचं राहूनच गेलं.