गुळातली गोळी

माझी शाळा तिसरीपर्यंतच. तवा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. भुताखेताचं कुणी काढलं की मी सरळ उठून जातो, अंगात येणाऱ्यांना तर तोंडावर शिव्या घालतो. तरी हे लिहितोय...

सत्तावन्न सालच्या आसपासची गोष्ट. अंथुर्ण्यात आमचा ऊस. माझी बायको हौसा हिला आवाज ऐकू यायला लागले. भाकरी थापता थापता कुणाशी तरी भांडायची. बारामतीच्या डॉक्टरांनी आधी सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या. त्यानं नुसती झोपायची, आवाज काय हटंनात. मग त्यांनी पुण्याहून नवी गोळी मागवली.

"ही रोज पोटात गेली पाहिजे," म्हणाले, "नाहीतर हिला पुण्याला इस्पितळात ठेवावं लागेल. विजेचे झटके देतात तिथं."

हौसा गोळी थुंकायची. "इख हाय ही, ती भांडणारी म्हणत्यात. तुमीच खावा!"

"मी खाऊन झोपलो तर बैलं कोण हाकंल, तुजा बा?"

हातापाया पडलो, दरडावलं... उपेग न्हाय. शेवटी पुण्याचं गाठोडं बांधलं.

सकाळी गाडी जुंपून घरात आलो, तर ही चुलीपुढं गुळाचा खडा मळत बसलेली. गोळी आधी जिभंला लावली, तोंड वाकडं केलं, मग गुळात दाबून गिळली.

"आगं, हे कुणी शिकवलं?"

"एक बाई बोलल्या आत्ता. ढेकळ्या औषध घ्यायचा न्हाय, तवा त्याला असंच द्यायची म्हणल्या." आन वर मलाच इचारती, "ढेकळ्या कोण वो?"

ढेकळ्या म्हंजी मीच! माझ्या जन्मगावी, बावड्यात, आई मला म्हणायची. मी ल्हान असतानाच ती वारली, मामानं मला हितं आणलं. पुढं ते नाव कुणाच्या तोंडी न्हाय. मी सुदीक विसरलो हुतो.

"हौसे... मीच तो."

तिनं पदर तोंडाला लावला. "अगो बया! नाव घेतलं की मी तुमचं!"

आमच्यात बाई जीव देईल, पर नवऱ्याचं नाव घ्यायची न्हाय.

जुंपलेली गाडी सोडली, पुण्याला गेलोच न्हाय. हौसा रोज गोळी घ्यायला लागली, आन हळूहळू सगळे आवाज गेले. भांडणारे गेले, ती बाई पण गेली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच कधीतरी तिला सांगितलं असेल."

"सायेब, मामाच्या घरात बायकोशी दिवसा बोलायची चोरी. रात्री काय आईच्या गोष्टी सांगत बसू?"

एकदा हौसाला इचारलं, "आता बरं वाटतं न्हवं?"

"व्हय. पर सासूबाई आजून थोड्या थांबल्या असत्या तर... तुमचं ल्हानपण इचारायचं राहिलं."

आई मेलेली, हिनं तिला कधी पाहिली न्हाय. मग ते नाव हिच्या कानी आलं कुठनं? मला आजवर उमगलं न्हाय. जिला इचारावं, ती हौसाबी गेल्या मार्गशीर्षात गेली.