जाळाची नावं

माझ्या नातीच्या अहवालात एकोणचाळिसाव्या पानावर तीन शब्द आहेत. मंद, मध्यम, तीव्र. गुऱ्हाळाच्या चुलवाणातल्या जाळाची नावं म्हणून ते दिलेत, आणि पुढं सांगणाऱ्याची ओळख आहे: गुळव्या, शिक्षण चौथी. तो गुळव्या मी. ते तिन्ही शब्द खोटे आहेत. कुठल्याच गुऱ्हाळात जाळाला असं कुणी म्हणत नाही, आणि चाळीस वर्षं काहिलीवर, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईवर, उभा राहून मीही कधी म्हटलं नव्हतं. अहवाल आता बांधून विद्यापीठाच्या कपाटात गेला. तिथनं तो बाहेर काढायची माझी ताकद नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. हाताला लिहायची सवय नाही, पण बिघडवलं मी तर सांगायचं पण मीच.

नात भाषेचं शिकते. तिच्या सरांनी तिला काम दिलं होतं की गुऱ्हाळातले शब्द म्हाताऱ्या माणसांकडून गोळा करायचे, त्याचा अहवाल लिहायचा, आणि पुढं तेच शब्द जिल्ह्याच्या शब्दकोशात जायचे. घरातच गुळव्या असल्यावर ती बाहेर कुठं जाणार? पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात आणि मला काही काम नव्हतं. ती माझ्या खाटेवर कार्डं मांडून बसायची. एका कार्डावर एक शब्द, खाली त्याचा अर्थ.

एके दिवशी बघतो तर काकवीचं कार्ड घाण्याच्या वर.

"हे काय गं? काकवी आधी आन् घाणा मागनं?"

"आबा, क आधी येतो, घ नंतर."

"तुझ्या शाळंत येत असंल. ऊस घाण्यात घातल्याबिगर काकवी कुठली?"

"कोशात सगळं असंच लावतात."

"मग कोशवाल्यानी गूळ नुसता खाल्लाय. केल्याला दिसत न्हाय."

ती हसली, पण कार्डं तशीच ठेवली. मीही हट्टाला पेटलो. तीन दिवस एक शब्द सांगितला नाही. विचारलं की म्हणायचो, आज आठवत न्हाय. चौथ्या दिवशी तिनं हात टेकले. अहवालाची प्रकरणं कामाच्या क्रमानं लावली: ऊस, घाणा, रस, काहील, जाळ, वाफा, म्हणजे शिजलेला गूळ ओतून निववायची जागा, आणि शेवटी रवा, म्हणजे गुळाची ढेप. अक्षरांच्या क्रमाची यादी मागं जोडली. सरांना ती मांडणी फार आवडली म्हणे. मी गल्लीत चार जणांना सांगितलं की विद्यापीठाचं पुस्तक माझ्या पद्धतीनं लागलंय.

उसाच्याही आधीचं पहिलं प्रकरण मात्र गुळाचं नव्हतं. सरांनी तिला व्हिएतनाम म्हणून एका देशाचं वाचायला लावलं होतं. भाताचा मुलूख, आपल्या कोकणासारखा, पण लांबलचक. तिथली भाषा कोशांनी कशी एका शिस्तीत आणली ते त्या प्रकरणात होतं. ती मला वाचून दाखवायची आणि सोपं करून सांगायची. आधी ते लोक चिनी वळणाच्या अक्षरात लिहायचे. मग बाहेरनं आलेल्या पाद्र्यांनी त्यांची भाषा इंग्रजीसारख्या अक्षरात लिहून तिचा कोश केला. वर-खाली टिंबं-रेघा देऊन आवाजाचा चढउतार दाखवला. पुढं त्यांच्याच माणसांनी एकामागनं एक कोश केले. देशाच्या वरच्या अंगाला एक बोलणं, मधे दुसरं, खाली तिसरं, पण लिहायचं सगळ्यांनी एकसारखं.

मी विचारलं, "मग खालच्यांच्या शब्दांचं काय झालं?"

"चांगल्या कोशात तेही घेतात, आबा. डुकराला वर एक शब्द आहे, खाली दुसरा. दोन्ही लिहायचे आणि कुठला कुणाचा ते पुढं लिहायचं."

"न्हाय लिवलं तर?"

"तर म्हातारी माणसं आहेत तोवर चालतो. मग जातो."

हे तिनं असं सहज सांगितलं, शेंगा फोडता फोडता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

जाळाच्या प्रकरणाला ती मोबाईल घेऊन बसली. बोलणं त्यात भरून घ्यायची. मी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. आमच्याकडं एक खोड आहे, सगळ्यांनाच आहे. शिकलेलं माणूस लिहायला बसलं की आमची जीभ वळते. हाय म्हणणारा आहे म्हणतो, न्हाय म्हणणारा नाही म्हणतो. आपलं बोलणं कागदावर गेलं तर हसतील असं वाटतं. मग पुस्तकातलं काही आठवेल ते सांगायचं आणि आपलं गिळायचं. नातीपुढंही माझं तेच झालं, कारण तो मोबाईल तिचा असला तरी त्याच्या पलीकडं तिचे सर होते.

"आबा, जाळाचा जाणकार जाळव्या, म्हणजे चुलवाणात चिपाड घालणारा. तुमच्या बरोबर कोण होता? त्यांनाच विचारू की."

"मेला त्यो," मी म्हटलं.

"कधी?"

"झाली की लय वर्षं."

तो जिवंत होता. आमच्या घरापासनं दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच सकाळी मी त्याला किटली घेऊन दुधाला जाताना बघितलं होतं.

तीस हंगाम आम्ही एका काहिलीवर काम केलं. गडहिंग्लजकडचा माणूस, बोलण्यात अर्धं कानडी. तो खाली, चुलवाणाच्या तोंडाशी, खड्ड्यात बसलेला. मी वर. त्याला काहील दिसायची नाही, मला जाळ दिसायचा नाही. सगळा व्यवहार ओरडून. मी वरनं म्हणायचो, "वाढीव," नाहीतर "दम." तो खालनं जाळाचं नाव घेऊन उत्तर द्यायचा. वाळलेल्या चिपाडाचा जाळ वेगळा, ओलसर चिपाडाचा वेगळा, रस उतू यायच्या आधीचा वेगळा, आणि गूळ उतरायच्या वेळचा तर अगदीच निराळा. चार की पाच नावं होती. ती ऐकून मी काहील न बघता सांगायचो की आदण कुठवर आलंय. आदण म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा रस. ती नावं मी कानानं घेतली, तोंडानं कधी घेतली नाहीत. गुळव्यानं जाळव्याचे शब्द कशाला बोलायचे, असा माझा ताठा.

बोलणं तुटलं ते माझ्यामुळं. गुऱ्हाळमालकाकडं शहरातले पावणे आले होते. त्यांना मी द्रोणात गरम काकवी देत, माझी विद्या सांगत उभा होतो. खालनं त्यानं हाक दिली. मी ऐकली. पुन्हा दिली, तीही ऐकली. पावण्यांपुढनं हलायला मन होईना. आदण करपलं. मालकानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "खालनं जाळ जास्ती झाला." तो वर आला, टॉवेलनं तोंड पुसलं, माझ्याकडं नुसतं बघितलं आणि घरी गेला. पुन्हा माझ्या काहिलीखाली बसला नाही. मालकापुढं मी खोटा पडू नये म्हणून तो गप्प राहिला असावा. मी मात्र वर्षानुवर्षं असं धरून बसलो की चूक त्याची होती, म्हणूनच बोलला नाही.

असल्या माणसाच्या दारात नातीला पाठवायचं? तिला तो सगळं सांगेल, ही भीती होती. म्हणून मेला म्हटलं. मग तिनं नावं मला विचारली, आणि डोकं रिकामं. त्याचा आवाज ऐकू यायचा, खड्ड्यातनं वर येणारा, शेवटचं अक्षर लांबवलेला. शब्द येईना. मला येत नाही असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. टोपी सारखी केली आणि सांगितलं, "मंद, मध्यम आणि तीव्र." तिनं लिहून घेतलं. "आबा, एवढीच?" म्हणाली. "एवढीच," मी म्हटलं.

थंडी सुरू होताना अहवाल पुरा झाला. सरांनी जाळाच्या तक्त्याचं खास कौतुक केलं. इतर गावांतनं आलेली नावं एकमेकांशी जुळत नव्हती, हे तीन शब्द सगळ्यांना कळणारे, म्हणून कोशात तेच पुढं ठेवायचे ठरले. नातीनं पेढे आणले. मी खाल्ले.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या चौकातल्या फलकावर जाळव्याचं नाव लागलं. आमच्याकडं कोण गेलं की चौकात फळ्यावर लिहितात, रक्षाविसर्जन कधी तेही लिहितात. नात कॉलेजला जाताना तिथं थांबली. दुकानदारानं सांगितलं, "हे जाळव्या. तुझ्या आबांच्या बरोबर होते की जन्मभर." ती कॉलेजला गेली नाही. माघारी आली आणि माझ्या खाटेजवळ उभी राहिली.

"आबा, जाळव्या लय वर्षांपूर्वी गेला म्हणालात."

मी तिच्या कार्डांच्या डब्याचं झाकण लावलं.

"परवापर्यंत होते ते. चालत जाऊन विचारलं असतं मी."

"भांडण हुतं आमचं."

"तुमचं होतं. माझं नव्हतं."

ती रडली असती तर मला समजूत घालता आली असती. तिनं कार्डांचा डबा उचलला आणि आत नेला. त्या दिवसापासनं तो माझ्या खाटेवर आला नाही.

रक्षाविसर्जन झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. पूर्वी मला भावजी म्हणायची, गुऱ्हाळावर भाकरी आणून द्यायची.

"या पावणं," ती म्हणाली.

अनोळखी माणसाला म्हणतात तसं. मी बसलो. इकडचं तिकडचं बोलायला काही नव्हतं.

"वहिनी, एक इचारायचं हुतं. त्यो जाळाला काय काय म्हणायचा?"

"कुठल्या जाळाला?"

"चुलवाणातल्या. नावं घ्यायचा बघा, खालनं."

"घरात कशाला नावं घेईल? घरात चूल मी पेटवत हुते. त्यो वरडायचा ते तुमाला. तीस वर्सं तुमालाच वरडला की. तुमाला ठावं न्हाय तर मला कुठनं असणार?"

चहा आला नाही, आणि मीही थांबलो नाही.

नातीनं सरांना जाऊन खरं सांगितलं. त्याला काळीज लागतं, मला झालं नसतं. सर म्हणाले, अहवाल दाखल झालाय, कोशाच्या याद्याही पुढं गेल्यात. आणि चुकीचा शब्द काढायचा तर त्याच्या जागी बरोबर शब्द पाहिजे. तो आहे का? ती म्हणाली, नाही.

या हंगामात मी एका गुऱ्हाळावर जाऊन चुलवाणाच्या तोंडाशी बसलो. चाळीस वर्षांत खालनं जाळ कधी बघितला नव्हता. हल्लीचा जाळव्या परप्रांताचा आहे, वरच्याशी शिट्टीनं बोलतो. बसायला त्यानं पोतं दिलं. चार दिवस गेलो. पहिला जाळ पिवळा उठतो, मग भिंतीला चिकटून आत ओढला जातो, मग लालबुंद होऊन आवाज करतो, आणि गूळ उतरायच्या वेळी बसतो, नुसती धग राहते. एकेक ओळखता आला. एकेकाच्या वेळी माझ्या जुन्या जाळव्याचा आवाजही कानात आला, आणि शब्दाच्या जागी नुसता आवाजच राहिला. पाचव्या दिवशी गेलो नाही.

घरात अहवालाची एक प्रत आहे. एकोणचाळिसावं पान काढून मी ते तीन शब्द पेनानं खोडले. बाजूला लिहिलं: नावं जाळव्याला माहीत होती. तो जिवंत असताना मी त्याला मेला म्हणून सांगितलं. खाली सही केली.

नातीनं ते पान वाचलं, मला माहीत आहे, कारण पुस्तक दुसऱ्या फळीवर गेलं होतं. विद्यापीठातल्या प्रतीत ते शब्द आहेत तसेच आहेत, पुढं माझी ओळख लावून.