नवरदेवाची तलवार

ती केस डोक्यातून गेली असं मी धरून चाललो होतो. निवृत्तीनंतर गुडघे, साखर आणि नातवाची शाळा एवढंच डोक्यात राहतं. पण परवा बीडमधलेच एक कादंबरीकार घरी आले. चहा येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग म्हणाले, "साहेब, माझा नायक मेंढपाळ आहे. शेवटच्या प्रकरणात तो एकटा चौघांना लोळवतो. त्याच्या हातात तलवार शोभेल ना? आणि ती त्याने कशी फिरवावी?"

मेंढपाळ आणि तलवार हे शब्द एकत्र ऐकले आणि ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. अशी कादंबरी मला एकदा पोलीस ठाण्यातच ऐकावी लागली होती, तीही दोन्ही बाजूंकडून.

तेव्हा मी परळी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या आठवड्यात बंदोबस्त इतके लागले होते की बूट काढले तरी पाय बूट घातल्यासारखेच वाटायचे. जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. "साहेब, सिरसाळ्याच्या पुढं मेंढपाळानं तलवार चालवली. मानूस खपायच्या बेतात हाय, लवकर या." डबा झाकून निघालो. नोकरीत असे किती डबे झाकले असतील, देव जाणे.

कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे शेतकरी मेंढपाळाला बोलावून मेंढ्या बसवतात, रानाला खत मिळतं. कडेला मेंढपाळाचं एक कापडी पाल होतं. जखमीला दवाखान्यात नेलं होतं. तो गावातल्या एका बागायतदाराचा धाकटा मुलगा. त्याचा थोरला भाऊ पालापाशी उभा होता आणि त्याच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली तलवार होती.

"हीच बघा साहेब. डोक्यावरून अशी गरागरा फिरवली अन् घातली भावाच्या टाळक्यात. मी बांधावरून बघितलं."

आपण होऊन हत्यार आणून देणारा फिर्यादी मला कधीच आवडला नाही. पण फिर्याद ही फिर्याद असते. पंचनामा केला, तलवार जप्त केली, मेंढपाळाला गाडीत बसवलं. त्याची बायको पालाच्या तोंडाशी लेकराला घेऊन उभी होती.

ठाण्यात मी त्याला विचारलं, "काय झालं?"

"म्या मारलं. तलवारीनं," तो म्हणाला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर तयार.

हवालदार खूश झाले. "साहेब, साक्षीदार हाय, हत्यार हाय, हा सोता व्हय म्हनतो. लई सोपी केस हाय."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे हवालदारांनाही माहीत होतं. पण खरं सांगायचं तर केस सोपी असावी असं मलाही मनापासून वाटत होतं. अडचण एकच होती. फिर्यादी आणि आरोपी यांचं कशावर तरी एकमत झालं की मला कसंतरी होतं. माझ्या सगळ्या नोकरीत दोन्ही पार्ट्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट बोलताहेत असं क्वचितच झालं, आणि जेव्हा झालं तेव्हा दोघंही खोटं बोलत होते.

संध्याकाळी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. माणूस वाचणार होता. कानाच्या वर हाड दबलं होतं, कातडी फुटली होती, पण कापल्याची खूण कुठेच नव्हती. मी थोरल्या भावाला बोलावून हे सांगितलं. तो म्हणाला, "मग उलट्या बाजूनं बसली असंल."

गरागरा फिरवलेली तलवार उलट्या बाजूने! मी ती कपाटातून मागवली आणि दिव्याखाली धरली. पातं पातळ होतं, अंगठ्याने दाबलं की वाकायचं. मुठीच्या खाचेत हळद बसली होती. टोकाचा दोन बोटं भाग काळा पडून गंजला होता, बाकी पातं मात्र लखलखीत. ते टोक मी चांगलं ओळखत होतो. माझ्या लग्नात मामांनी अशीच तलवार माझ्या हातात दिली होती, टोकाला लिंबू टोचून. मांडवभर ती मिरवताना लिंबाचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. नवरदेवाच्या तलवारीचं टोक लिंबानेच खाल्लेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सिरसाळ्यात मांडव-बिछायत भाड्याने देणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तलवार हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. "ही तर आमचीच हाय साहेब! लगीन झालं, भांडीकुंडी सगळी परत आली, हीच तेवढी आली न्हाई. तुमाला कुठं घावली?"

लग्न जखमी माणसाचंच होतं. हळद उतरून महिनाही झाला नव्हता. म्हणजे तलवार मेंढपाळाच्या पालातली नव्हतीच. ती भावाने घरातून आणली होती.

मग मेंढपाळाने ती कबूल का केली? त्याला बाहेर काढलं, हातात काठी दिली. "कशी मारलीस, दाखव."

त्याने काठी धरली, कमरेत वाकला आणि जमिनीलगत आडवी फिरवली. जन्मभर मेंढ्यांच्या पायापुढे काठी घालून कळप वळवणारा माणूस दुसरं काय करणार?

"अशानं नडगी फुटंल बाबा. मार डोक्याला हाय."

"मग... त्यो खाली बसला व्हता."

"बसला होता का?"

"तुमी म्हनाल तसं साहेब. पन मीच मारलं."

त्याचा मला राग आला नाही, फार थकवा आला. खोटं बोलणारी माणसं रोज भेटतात. स्वतःला आत घालण्यासाठी इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस बघवत नाही.

महिला शिपायाला घेऊन पुन्हा त्या रानात गेलो. वारा सुटला होता, पाल फडफडत होतं आणि त्याची बायको सुटलेली मेख दगडाने ठोकत होती. दगड निसटायचा, ती पुन्हा उचलायची. जी माणसं महिन्याला चार ठिकाणी पाल ठोकतात, त्यांच्याकडे मेखा ठोकायला लाकडी मोगरी नाही?

"बाई, मोगरी कुठाय?"

तिने दगड खाली ठेवला. पालात गेली, वाकळांच्या खालून मोगरी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एका कडेला काळपट डाग होता.

"मालक म्हनले, चुलीत घाल. पन बाभळीचं चांगलं लाकूड हाय साहेब, जाळाया जीव झाला न्हाई." मग ती आपण होऊन बोलली. "मालक मेंढ्या पान्यावर घेऊन गेलते. मी एकलीच मेख ठोकीत व्हते. त्यो आला अन् हात धरला. सोड म्हनलं, सोडीना. दुसऱ्या हातात ही व्हती, घातली."

"मग मालकानं कबूल कावून केलं?"

"बाईचं नाव ठान्यात नगं म्हनले. मी जातो म्हनले आत."

थोरल्या भावापुढे मोगरी ठेवली तेव्हा तो लगेच ढासळला. "भाऊ बाईच्या हातानं पडला, असं गावात कसं सांगावं साहेब? नवी नवरी घरात हाय." तिकडे इज्जत वाचवायची म्हणून तलवार, इकडेही इज्जत वाचवायची म्हणून तलवार. त्यात एक निरपराध माणूस कितीतरी वर्षं आत जाणार होता आणि तो खुशीने चालला होता.

तो सुटला. जाताना हात न जोडता म्हणाला, "मी गेलतोच की आत साहेब. तुमी कावून शोधत बसले?" खटला त्याच्या बायकोवर चालला. स्वतःच्या बचावासाठी मारलं हे कोर्टाने मानलं आणि ती निर्दोष सुटली, पण तारखांना येता येता निम्मा कळप विकावा लागला.

हे सगळं ऐकून कादंबरीकार म्हणाले, "पण साहेब, मोगरीत नाट्य नाही हो." मी म्हटलं, नाहीच. माणूस ज्याने रोज काम करतो तेच त्याच्या हातात असतं आणि कामाची जी सवय, तोच त्याचा वार. तलवार आली की समजावं, कुणीतरी काहीतरी झाकतंय. त्यांनी टिपणं घ्यायला आणलेली वही मिटली. तलवार ते ठेवणारच, हे मला दिसत होतं.

त्या खटल्याच्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला म्हटलं, "बाई, सुटलीस." तिने विचारलं, "अन् मोगरी?"

मी म्हटलं, ती मुद्देमालात आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत मिळणार नाही, मग अर्ज करावा लागेल.

"मंग तवर दगडानंच ठोकायच्या," ती म्हणाली आणि लेकराचा हात धरून पायऱ्या उतरली.